हाड वाचले की इस्पितळ? : अस्थिशल्यचिकित्सेतील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि तिची परीक्षा

आजचा विषय नावाला अवघड आहे, पण त्यातला प्रश्न साधा आहे. हाडांच्या निदानात आणि शस्त्रक्रियेत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी उपकरणे येऊ लागली आहेत. त्यांच्या माहितीपत्रकात आणि जाहिरातीत, कधी कधी डॉक्टरांच्या बोलण्यातही, एक वाक्य हमखास असते : 'हे उपकरण तपासलेले आणि मान्यताप्राप्त आहे.' आज या एका वाक्याची समीक्षा करायची आहे. तपासलं म्हणजे नक्की काय तपासलं? आणि मान्यता दिली म्हणजे कोणत्या गोष्टीची हमी दिली?

आधी आपण या उपकरणांचे तीन गट करून घेऊ, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. पहिला गट वाचणाऱ्यांचा. एक्स-रे दाखवला की हाड मोडले आहे की नाही, आणि कुठे मोडले आहे, हे चौकट आखून दाखवणारी सॉफ्टवेअरं. दुसरा गट आखणी करणाऱ्यांचा. सीटी स्कॅनवरून गुडघ्याचा किंवा खुब्याचा आराखडा तयार करून कोणत्या मापाचा कृत्रिम सांधा, कोणत्या कोनात बसवावा, हे सुचवणारी. तिसरा गट हाताला मदत करणाऱ्यांचा, म्हणजे रोबोटिक यंत्रांचा. इथे एक सांगून ठेवतो. रोबोट म्हटले की त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता असतेच असे नाही. बरीच यंत्रे सर्जनने मंजूर केलेला आराखडा ठरलेल्या सीमेत काटेकोरपणे पार पाडतात, इतकेच. पण बाजारात हे दोन्ही शब्द एकाच पिशवीत घालून विकले जातात, म्हणून चाचणीचा प्रश्न दोघांनाही लागू पडतो.

आमचे म्हणणे तीन कलमांत आहे. एक, या उपकरणांची परीक्षा होते ती बहुधा चित्रावर किंवा कोनावर, आणि रुग्णाचे पुढे काय झाले हे त्या परीक्षेत येत नाही. दोन, मान्यतेची जी वाट सर्वाधिक वापरली जाते ती 'आधीच्यासारखेच आहे' या साम्यावर उभी आहे, आणि हाडांच्या क्षेत्राने या साम्याची किंमत एकदा मोजलेली आहे. तीन, उपकरण वापरात आल्यावर त्याच्या चुका मोजणारी व्यवस्था आपल्याकडे अजून दुबळी आहे. आता एकेक घेऊ.

यंत्राने काय वाचले?

न्यू यॉर्कच्या माउंट सिनाई संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आमच्या मते या विषयात रस असलेल्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा. त्यांच्याकडे ९ हजारांहून अधिक रुग्णांचे २३ हजारांहून अधिक खुब्याचे एक्स-रे होते. यंत्राला शिकवायचे होते की, कोणत्या चित्रात फ्रॅक्चर आहे ते ओळख. यंत्राने ते बऱ्यापैकी ओळखले. अशा यंत्रांचे गुण मोजायचे एक प्रमाण आहे. त्यात १ म्हणजे निर्दोष आणि ०.५ म्हणजे नाणे उडवून छापा-काटा. या यंत्राला ०.७८ मिळाले. चित्राच्या जोडीला रुग्णाची माहिती आणि इस्पितळातल्या कामकाजाचा तपशील दिला, तेव्हा ०.९१ पर्यंत मजल गेली. इथवर कुणालाही वाटेल, छान झालं.

पण संशोधक इथे थांबले नाहीत. त्यांनी विचारले, हे यंत्र खरोखर हाडाकडे बघते आहे का? म्हणून त्यांनी परीक्षेची चित्रे अशी निवडली की फ्रॅक्चर असलेले आणि नसलेले रुग्ण वय, लिंग वगैरे बाबतींत सारखे असावेत. गुण घसरून ०.६७ झाले. मग आणखी पुढे जाऊन त्यांनी एक्स-रे कोणत्या यंत्रावर काढला, किती तातडीने मागवला यांसारख्या इस्पितळी गोष्टीही दोन्ही बाजूंना सारख्या केल्या. गुण ०.५२ वर आले. म्हणजे छापा-काटा.

हे कसं घडलं असेल, त्याची कल्पना करून बघा. पडून आलेल्या वृद्ध माणसाला अपघात विभागात झोपवूनच, हलवता येणाऱ्या यंत्रावर एक्स-रे काढला जातो. खुबा दुखतो म्हणून चालत आलेल्या माणसाचा एक्स-रे बाह्यरुग्ण विभागातल्या दुसऱ्या यंत्रावर. दोन यंत्रांच्या चित्रांत सूक्ष्म फरक असतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण सॉफ्टवेअरला दिसतात. त्याच अभ्यासात हेही दिसले की, चित्र कोणत्या यंत्रावर काढले हे सॉफ्टवेअर चित्रावरूनच ओळखू शकते. मग हाडाची भेग शोधायचे कष्ट घ्यायचे कशाला? 'हा अपघात विभागातला आहे, मोडलेलंच असणार' असा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. यंत्राने हाड वाचण्याऐवजी इस्पितळ वाचले.

यावरून सगळी उपकरणे निकामी आहेत असा निष्कर्ष काढू नये. हा एका संशोधन-प्रारूपाचा अभ्यास होता, बाजारातल्या उत्पादनाचा नव्हता. पण त्याने परीक्षेबद्दल एक गोष्ट सिद्ध केली. ज्या इस्पितळात यंत्र शिकले त्याच इस्पितळातल्या चित्रांवर त्याची परीक्षा घेतली, तर मिळालेल्या गुणांत हाडाचे किती आणि इस्पितळाचे किती, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. आणि नेमका ज्याला धोका आहे तो रुग्ण या अंदाजातून निसटतो : चालत आलेली, फारशी तक्रार न करणारी, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसलेली आजी, जिच्या खुब्यात हलकीशी भेग आहे.

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडच्या संशोधकांचे काम याच्या पुढचे आहे. त्यांचा अभ्यास २०२२ मध्ये 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ' या नियतकालिकात आला. मांडीच्या हाडाच्या वरच्या भागातील फ्रॅक्चर ओळखणारे त्यांचे यंत्र फार चांगले होते. त्याला ०.९९४ गुण मिळाले, रेडिऑलॉजिस्टना ०.९६९. दुसरे कोणी असते तर इथेच पेढे वाटले असते. यांनी मात्र स्वतःच्याच यंत्राचे लेखापरीक्षण केले. त्यांना दोन गोष्टी सापडल्या. एक, ज्यांची हाडे मुळातच वेगळी दिसतात, उदाहरणार्थ पॅजेट रोगाचे रुग्ण, त्यांच्या बाबतीत चुका वाढतात. दुसरी, यंत्र परदेशातल्या दुसऱ्या इस्पितळात नेले की, 'इथून पुढे फ्रॅक्चर म्हणायचे' ही जी रेषा आधी ठरवलेली असते ती जागेवर राहत नाही.

ही दुसरी गोष्ट आपल्या रोजच्या व्यवहारातल्या वजनकाट्यासारखी आहे. किराणा दुकानातला काटा कारखान्यात बरोबर होता, एवढ्यावर आपण समाधान मानत नाही. वैधमापन खात्याचा निरीक्षक तो ठरावीक मुदतीने तपासून शिक्का मारतो. पाव किलो डाळीसाठी आपण ही काळजी घेतो. खुबा मोडला आहे की नाही हे ठरवणारा काटा मात्र एका देशात, एका इस्पितळात, एकदा जुळवला की सगळीकडे बरोबर चालेल असे गृहीत धरतो.

मान्यतेची वाट

आता नियंत्रकांकडे वळू. अमेरिकेच्या एफडीएचे उदाहरण घेतो, कारण तिथली कागदपत्रे उघड असतात आणि बाकीचे देश तिकडे बघून चालतात. १९७६ च्या कायदादुरुस्तीने अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांचे तीन वर्ग पडले. सर्वांत जोखमीच्या तिसऱ्या वर्गासाठी पूर्ण चाचणी आणि स्वतंत्र मंजुरी. मधल्या वर्गासाठी बहुतेक वेळा '५१०-के' नावाची वाट. या वाटेवर निर्मात्याने दाखवायचे ते इतकेच की, आमचे उपकरण आधीच बाजारात असलेल्या अमुक उपकरणाशी पुरेसे समतुल्य आहे. ज्याला कोणी पूर्वज नाही, पण जोखीम मध्यम आहे, त्याच्यासाठी 'डी नोव्हो' नावाची वेगळी वाट. एकदा डी नोव्होने एखादे उपकरण आत आले की, पुढच्यांना ते पूर्वज म्हणून चालते.

मनगटाजवळचे फ्रॅक्चर ओळखणारे 'ऑस्टिओडिटेक्ट' हे सॉफ्टवेअर मे २०१८ मध्ये याच डी नोव्हो वाटेने आले. कंपनीने दोन अभ्यास दिले होते. एकात १,००० एक्स-रेंवर सॉफ्टवेअरची कामगिरी हाताच्या तीन तज्ज्ञ सर्जनांच्या निष्कर्षाशी ताडून पाहिली होती. दुसऱ्यात २४ डॉक्टरांनी २०० रुग्णांची चित्रे सॉफ्टवेअरच्या मदतीने आणि मदतीशिवाय वाचली. मदत घेतल्यावर त्यांची कामगिरी सुधारली.

या चाचणीला नावे ठेवण्याआधी तिचे श्रेय देऊ. डॉक्टर आणि यंत्र यांची जोडी तपासली, हे योग्यच झाले. कारण प्रत्यक्षात यंत्र एकटे काम करत नाही. पण दोन्ही अभ्यास जुन्या, साठवलेल्या चित्रांवर झाले. रात्री अडीच वाजता, बाहेर दहा रुग्ण ताटकळत असताना, थकलेला निवासी डॉक्टर यंत्राचे 'फ्रॅक्चर नाही' हे उत्तर पाहून काय करतो? तो चित्राकडे पुन्हा बघतो, की प्लास्टर न घालता रुग्णाला घरी पाठवतो? साठवलेल्या चित्रांवरच्या चाचणीत हा प्रश्न उपस्थितच होत नाही. तिथे डॉक्टरला ठाऊक असते की आपली परीक्षा चालू आहे, आणि चूक झाली तरी कुणाचा हात वाकडा जुळणार नाही.

युरोपातले चित्रही फार वेगळे नव्हते. २०२१ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी युरोपात विक्रीची मुभा असलेल्या, रेडिऑलॉजीतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या १०० उत्पादनांचा आढावा घेतला. त्यांपैकी ६४ उत्पादनांच्या परिणामकारकतेबद्दल तज्ज्ञांनी तपासून छापलेला एकही शोधनिबंध सापडला नाही. विक्रीची मुभा होती, पण बाहेरच्या माणसाला तपासून बघता येईल असा पुरावा नव्हता.

एका खुब्याची वंशावळ

इथे कुणी म्हणेल, साम्यावर मान्यता दिली तर बिघडलं कुठे? जुने चांगले चालले, नवे तसेच आहे, मग पुन्हा सगळे सिद्ध करायला लावून काळ का घालवायचा? या प्रश्नाचे उत्तर अस्थिरोगाच्या इतिहासातच आहे, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो.

डीप्यू या कंपनीचा एएसआर नावाचा धातूवर धातू फिरणारा कृत्रिम खुबा होता. त्याचा पूर्ण सांधेबदलाचा प्रकार २००५ मध्ये अमेरिकेत ५१०-के वाटेने आला. त्यासाठी रुग्णांवरची चाचणी करावी लागली नाही. २०१३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये काही अभ्यासकांनी या खुब्याची वंशावळ मांडली. हा कोणासारखा, तो कोणासारखा, असे करत ते मागे गेले, तर पाच दशकांहून अधिक काळाची आणि ९५ उपकरणांची साखळी निघाली. त्या पूर्वजांपैकी काही स्वतःच अपयशी ठरून वापरातून गेले होते. म्हणजे प्रत्येक पायरीवर 'साधारण सारखेच' म्हणत आपण मूळ जागेपासून केवढे लांब आलो, हे कुणी पाहिलेच नाही.

परिणाम काय झाला? ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून हा खुबा परत बोलावला. तोवर सुमारे ९३ हजार बसवून झाले होते. इंग्लंड-वेल्सच्या सांधेनोंदणीत पाच वर्षांच्या आत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे दिसत होते. धोक्याची पहिली घंटा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधेनोंदणीने त्याआधीच वाजवली होती. भारतात हा खुबा सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत गुन्हा नोंदवला, २०१७ मध्ये केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली, २०१८ मध्ये भरपाईचे सूत्र ठरले. पण ज्यांना भरपाई द्यायची त्यांतल्या बहुसंख्य रुग्णांचा माग लागला नाही. कोणाच्या शरीरात कोणता खुबा आहे याची सलग नोंदच देशात नव्हती.

आता सॉफ्टवेअरचे समर्थक म्हणतील, ही तुलना अन्यायाची आहे. धातूचा खुबा शरीरात राहतो, त्याचे कण रक्तात उतरतात. सॉफ्टवेअर चुकले तर नवी आवृत्ती टाकली की झालं. या आक्षेपात तथ्य आहे. पण त्यातच एक नवी अडचण दडलेली आहे. खुब्याच्या खोक्यावर एक चिकटपट्टी असते, तिच्यावर तुकडी क्रमांक असतो, आणि ती पट्टी रुग्णाच्या कागदांत लावली जाते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मंगळवारी एक आवृत्ती होती, शुक्रवारी दुसरी आली. मंगळवारी ज्याचे फ्रॅक्चर सुटले त्याच्या कागदावर आवृत्तीचा क्रमांक असतो का? जे बदलणे सोपे, त्याची चूक शोधणे अवघड. बदलांचा आराखडा निर्मात्याने आधीच नियंत्रकाला सादर करावा, अशी सोय अमेरिकेने केली आहे, आणि एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये त्याची अंतिम मार्गदर्शक सूचनाही काढली. कल्पना चांगली आहे. पण तिच्याने निर्माता आणि नियंत्रक यांच्यातला व्यवहार सुधारतो. रुग्णाच्या कागदावर काही उमटत नाही.

अचूकतेचा मोह

तिसऱ्या गटाकडे, म्हणजे रोबोटकडे येऊ. इथली परीक्षा चित्रावर नसून कोनावर असते. सांधा आराखड्याबरहुकूम किती अंशात बसला, हे मोजले जाते. यंत्र त्यात माणसापेक्षा सरस ठरते, आणि ते सरसपण खरे आहे. प्रश्न असा की, कोन बरोबर आला म्हणून माणूस बरा चालतो का?

'रोबोडॉक' हे या क्षेत्रातले जुने यंत्र. माणसावर पहिला वापर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो इथे झाला. नव्वदच्या दशकात जर्मनीत ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. २००३ मध्ये तिथल्या सर्जनांनी रोबोट आणि हात यांची तुलना प्रसिद्ध केली. आखणी आणि अचूकता यांत रोबोट पुढे होता. पण स्नायूंना इजा जास्त, सांधा निखळण्याचे प्रमाण जास्त, शस्त्रक्रियेला वेळ जास्त, आणि सुमारे १८ टक्के रोबोटिक शस्त्रक्रिया मध्येच सोडून हातानेच पूर्ण कराव्या लागल्या. कोन उत्तम, आणि रुग्ण खाटेवर. प्रकरण न्यायालयात गेले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००६ मध्ये निकाल दिला. पद्धत नवी असेल आणि सर्वमान्य झालेली नसेल, तर 'अजून माहीत नसलेले धोके असू शकतात' हे रुग्णाला सांगणे डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे न्यायालय म्हणाले. त्या खटल्यातल्या रुग्ण महिलेला मात्र भरपाई मिळाली नाही, कारण तिला जी इजा झाली तिची कल्पना तिला आधी दिलेली होती. तरीही तत्त्व महत्त्वाचे आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या उपकरणांना ते जसेच्या तसे लागू पडते.

त्यानंतर यंत्रे सुधारली, हे मान्य करायला हवे. जर्मनीतले यंत्र आणि आजची यंत्रे एक नव्हेत. पण दक्षिण कोरियातील एका यादृच्छिक चाचणीत गुडघेबदलाच्या रुग्णांना किमान दहा वर्षे पाहिले गेले. २०२० मध्ये निकाल आला. रोबोटने केलेले आणि हाताने केलेले गुडघे, चालणे-फिरणे आणि सांध्याचे टिकणे या दोन्हींत सारखेच निघाले. दहा वर्षे वाट पाहून मिळालेले हे उत्तर आहे. असे उत्तर कोन मोजून संध्याकाळी मिळत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला पैशाची बाजूही आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. ती मर्यादा शरीरात बसवायच्या भागांवर आहे. रोबोटचा आकार त्या आदेशाच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे 'रोबोटने केलं तर जास्त बरं ना, डॉक्टर?' या रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यावरून द्यायचे, की गुंतवणुकीवरून, हा ताण प्रत्येक इस्पितळात आहे.

दुसरी बाजू

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल, आम्ही यंत्रविरोधी आहोत. तसे नाही, आणि त्याचे कारणही पुराव्यातच आहे.

२०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये गुडघेदुखीवरचा एक अभ्यास आला. संधिवाताची तीव्रता मोजायची जी श्रेणी आपले डॉक्टर वापरतात, तिचा पाया १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये घातला गेला. अमेरिकेत असे दिसे की, एक्स-रेवर श्रेणी सारखी असूनही कृष्णवर्णीय रुग्णांना वेदना जास्त. मग म्हटले जाई, कारण गुडघ्याबाहेरचे असेल, मनाचे असेल. या संशोधकांनी यंत्राला डॉक्टरांची श्रेणी शिकवलीच नाही. रुग्ण किती दुखते म्हणतो, ते शिकवले. वेदनेतल्या तफावतीचा जुन्या श्रेणीने फक्त ९ टक्के उलगडा होत होता. यंत्राने ४३ टक्के केला. म्हणजे वेदनेचे बरेच कारण गुडघ्यातच होते, आपल्या मोजपट्टीला ते दिसत नव्हते. यंत्राला कोणाची साक्ष खरी मानायला शिकवतो, यावर किती अवलंबून आहे बघा.

आणि गरजही खरी आहे. रेडिऑलॉजिस्ट नसलेल्या ग्रामीण रुग्णालयात रात्री एक्स-रे वाचणारा एकच तरुण डॉक्टर असतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने सांगितल्याप्रमाणे तिकडे, एवढी यंत्रणा असूनही, ३ ते १० टक्के प्रकरणांत फ्रॅक्चर सुटते किंवा उशिरा कळते. 'परिपूर्ण पुरावा येईपर्यंत थांबा' म्हणणाऱ्यांनी या सुटलेल्या फ्रॅक्चरांचाही हिशेब द्यायला हवा.

म्हणूनच नाइसने जानेवारी २०२५ मध्ये घेतलेली भूमिका आम्हाला विचार करण्याजोगी वाटते. फ्रॅक्चर ओळखणारी चार सॉफ्टवेअरं त्यांनी तातडीच्या सेवेत वापरायला हरकत नाही म्हटले, पण दोन अटींवर. निर्णय डॉक्टरचाच राहील, आणि वापर चालू असताना ठरावीक प्रश्नांवर पुरावा गोळा होईल. ही मान्यता म्हणजे मुदतीचा परवाना आहे. आमची त्यावर एकच टीका आहे : गोळा झालेला पुरावा वाईट निघाला तर उपकरण मागे घेण्याचे धैर्य व्यवस्थेत राहील का? एकदा यंत्रावर कामाची घडी बसली, माणसे कमी झाली, की मागे फिरणे कठीण होते.

आपल्याकडे

भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. उपकरणांचे अ, ब, क, ड असे जोखमीनुसार वर्ग आहेत. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सॉफ्टवेअरही उपकरणाच्या व्याख्येत आले. उपकरणांमुळे झालेल्या अपायांच्या नोंदीसाठी २०१५ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणजे काहीच नाही, असे कुणी म्हणू नये.

पण नियमांच्या पोटात दोन गोष्टी आहेत. पहिली, आपल्या नियमांतही पूर्वज-उपकरणाची कल्पना आहे. पूर्वज दाखवता आला की रुग्णांवरच्या चाचणीचा प्रश्न बराचसा मिटतो. दुसरी, ज्याला भारतात पूर्वज नाही अशा उपकरणालाही, ते ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा जपान यांपैकी एका देशात मान्य होऊन किमान दोन वर्षे विकले गेले असेल, तर काही अटींवर इथल्या चाचणीतून सूट मिळू शकते. अटींपैकी एक अशी की, भारतीय लोकसंख्येत उपकरण वेगळे वागेल असा पुरावा किंवा शक्यता नसावी.

स्टेथोस्कोपच्या बाबतीत ही अट पुरेशी आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ती अपुरी आहे, आणि माउंट सिनाईचा अभ्यास आठवला की का ते कळते. इथे लोकसंख्येबरोबर यंत्रसंख्याही बदलते. एक्स-रेचे यंत्र बदलते, ते चालवणारा तंत्रज्ञ बदलतो, कोणत्या रुग्णाला कधी एक्स-रे सांगायचा ही रीत बदलते. अनेक ठिकाणी मूळ चित्राऐवजी प्रकाशपेटीवर लावलेल्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो डॉक्टरकडे जातो. शिवाय हाडेही वेगळी. भारतीय गुडघे सरासरीने लहान आहेत, ही गोष्ट सांधे बसवणाऱ्या प्रत्येक सर्जनला माहीत आहे. आणि इथल्या रुग्णाला मांडी घालून बसता येते का, हा बरे होण्याचा मोठा निकष आहे. परदेशी आखणी-सॉफ्टवेअरने तो विचारात घेतला आहे का, हे कोणत्या चाचणीत विचारले गेले?

मोजणीचे म्हणाल, तर खुबा-गुडघा सर्जनांच्या राष्ट्रीय संघटनेने २००६ पासून सांधेनोंदणी चालवली आहे. त्यांचे कौतुक करावे तितके थोडे. पण ती ऐच्छिक आहे. एएसआरचा धडा ज्या देशाने ४,७०० शस्त्रक्रियांनी शिकला, त्या देशात नोंदणी सर्जनच्या सद्भावनेवर सोडलेली आहे.

मग मागायचे काय?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत, आणि त्यांतली एकही अशक्य नाही.

उपकरण परदेशात कितीही मान्य असो, इथल्या किमान काही वेगवेगळ्या इस्पितळांत, त्यात एक तरी जिल्हा रुग्णालय असेल अशा ठिकाणी, त्याची रेषा पुन्हा तपासावी. चाचणीचा निकाल एका सरासरी आकड्यात न देता गटवार द्यावा : वृद्ध, मुले, ठिसूळ हाडांचे रुग्ण, जुन्या यंत्रांवरची चित्रे. निकालात चित्रावरच्या गुणांबरोबर रुग्णाचे काय झाले हेही मोजावे : किती जणांना परत यावे लागले, किती जणांवर विनाकारण प्लास्टर चढले, किती जणांची शस्त्रक्रिया उशिरा झाली. एक्स-रेच्या अहवालावर आणि शस्त्रक्रियेच्या टिपणावर सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती छापावी. ही चिकटपट्टी फुकट आहे. आणि सांधेनोंदणी सक्तीची करून तिच्यात यंत्राचा रकाना घालावा.

यावर उत्पादक म्हणतील की खर्च वाढेल, आणि भारतीय नवउद्योगांना याचा फटका बसेल. खर्च वाढेल, हे खरे आहे. पण इथल्या चित्रांवर शिकलेल्या, इथे तपासलेल्या उपकरणाला या मागण्यांची भीती असायचे कारण नाही. उलट परदेशी शिक्का मिरवणाऱ्या स्पर्धकापुढे उभे राहायला हीच मोजणी त्याच्या कामी येईल.

शेवटी श्रोत्यांसाठी. तुमच्यापैकी कुणावर किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांवर अशी वेळ आली, तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. संकोच करू नका, चांगल्या डॉक्टरला ते आवडतात. 'हे यंत्र आपल्याकडच्या रुग्णांवर तपासलंय का? यंत्र आणि तुमचं मत वेगळं पडलं तर काय करता? आणि आजवर ते कितीदा चुकलं, याची नोंद तुमच्याकडे आहे का?' तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी आज उत्तर मिळणार नाही. पण तो पुष्कळ लोकांनी पुष्कळ ठिकाणी विचारला, तर नोंद ठेवणे भाग पडेल. ऑस्ट्रेलियात खुब्याची गडबड नोंदणीतूनच पहिल्यांदा कळली होती.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.